घरात सिंधी, दाराबाहेर मराठी : स्थलांतरितांच्या मुलांवर आपण कोणकोणती कामे टाकतो?

जरीपटक्याची लेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन संस्कृतींत वाढणाऱ्या मुलांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच अमेरिकेकडे किंवा इंग्लंडकडे वळते. नागपुरात मात्र अशी मुले गल्लोगल्ली वाढली आहेत आणि आजही वाढत आहेत. मी त्यांपैकी एक. माझा जन्म जरीपटका या नागपुरातल्या सिंधी वस्तीतला, शाळा मराठी माध्यमाची, आणि आईवडील दोघेही सिंधमधून आलेले.

थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण नागपूरच्या अनेक जुन्या घरांनाही ती पुरेशी ठाऊक नसते. फाळणीच्या वेळी पंजाब आणि बंगाल या प्रांतांचे दोन तुकडे झाले आणि एकेक तुकडा भारतात राहिला. सिंध अखंड पलीकडे गेला. त्यामुळे पंजाबीला किंवा बंगाल्याला भारतात आपल्या भाषेचे राज्य मिळाले, सिंध्याला मिळाले नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये सिंधमध्ये पंजाबइतका रक्तपात झाला नव्हता, म्हणून अनेक हिंदू कुटुंबे 'बघू या' म्हणत थांबली होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि त्यानंतर लोक मोठ्या संख्येने निघाले. माझे वडील तेव्हा लहान होते. कराचीहून बोटीने मुंबई, तिथून कल्याणची छावणी आणि मग नातलगांच्या मागोमाग नागपूर, असा त्यांचा प्रवास झाला.

ते आले तेव्हा नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते आणि बाजारात हिंदीवर सगळे भागत असे. १९५६ मध्ये नागपूर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कागद हळूहळू मराठीत येऊ लागले. वडिलांना अरबी वळणाची सिंधी लिपी उत्तम येत असे, हिंदी बोलता येत असे, इंग्रजी पाटी वाचण्यापुरते येत असे. मराठी कागद मात्र त्यांना वाचता येत नसे. घरात मराठी वाचणारी पहिली व्यक्ती मी होते, आणि तेव्हा मी चौथीत होते.

एका संध्याकाळी घराच्या भाडेपट्ट्यासंबंधीची एक नोटीस आली. दुकानातून आल्यावर वडिलांनी हातपायही धुतले नाहीत. कंदिलाशेजारी बसून त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला, कारण त्या दिवशी वीज गेली होती. 'थकबाकी', 'मुदत', 'कसूर केल्यास' असले शब्द मी अडखळत वाचत होते आणि जमेल तसे सिंधीत सांगत होते. आजी, म्हणजे माझी डाडी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. वाचून संपल्यावर वडिलांनी मला विचारले, "मग आता काय करायचे?" त्यांनी ते गमतीने विचारले नव्हते. ज्याला कागद कळतो त्याला उपायही कळत असणार, असे त्यांना मनापासून वाटले होते. पुढे एका ओळखीच्या वकिलांनी सगळे मार्गी लावले, पण त्या दिवसापासून घरातला प्रत्येक मराठी कागद, रेशनचा असो वा शाळेचा, माझ्याकडे येऊ लागला.

हे झाले बाहेरचे काम. आतले काम याहून निराळे होते. थदडीच्या सणाला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी केलेले लोले, म्हणजे गोड जाड पोळ्या, खायचे, चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आमच्या झुलेलाल देवाच्या बहराण्यामागून, म्हणजे दिवा ठेवलेल्या पूजेच्या ताटामागून, चालायचे, ताहिरी, म्हणजे गोड भात, वाटायची, हे सगळे मला प्रिय होते आणि आजही आहे. परंतु 'ही मराठी शाळेत जाते, हिला आपले काय राहणार' असे पाहुण्यांनी म्हटले की लगेच मला सिंधी म्हणी म्हणून दाखवाव्या लागत. म्हणजे बाहेर दुभाषा व्हायचे आणि घरात परंपरेची राखणदार व्हायचे. मला आज जे म्हणायचे आहे ते एवढेच, की ही दोन्ही कामे मोठ्या माणसांची आहेत आणि स्थलांतरित घरांत ती मुलांकडे जातात. दोन संस्कृतींमुळे मूल गोंधळते, असे जे सर्रास बोलले जाते ते मला माझ्या अनुभवावरून पटत नाही. गुढीपाडवा आणि चेटीचंड पाठोपाठ येतात. दोन्ही सण साजरे करताना मी कधीच गोंधळले नाही. थकले ते या दोन कामांनी.

आपला अनुभव काय आहे? दोन भाषांच्या घरांत वाढलेल्यांनी आणि अशा घरांत मुले वाढवणाऱ्यांनी मोकळेपणाने लिहावे.

इतवारीकर

ताई, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मतभेद स्पष्ट मांडतो. नागपूरला मूळचे कोण आहे? हे शहर देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ मध्ये वसवले. रघूजी भोसल्यांबरोबर आम्ही मराठी माणसे नंतर आलो. कोष्टी, हलबा विणकर आले, कापसामुळे मारवाडी आले, गिरण्यांमुळे आणखी लोक आले. तीन पिढ्यांत सगळे मिसळून जातात, हा इथला शिरस्ता आहे. आपली नातवंडे कदाचित सिंधी बोलणार नाहीत, पण ती दुःखी असतील असे मला वाटत नाही. भाषा मिसळतात, काही मागे पडतात. त्याचा इतका भार घ्यावा का?

धंतोलीचा रहिवासी

इतवारीकर, आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. माझे पणजोबा बंगाल नागपूर रेल्वेच्या नोकरीत इथे आले. ती कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि तिच्याबरोबर कारकून, हिशेबनीस असे कितीतरी बंगाली लोक नागपुरात स्थिरावले. नागपूर विद्यापीठाचे १९२३ मधले पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस हेही बंगालीच. आमच्या घरात चौथ्या पिढीतही बंगाली टिकले आहे आणि त्यासाठी कोणा मुलाची परीक्षा घ्यावी लागली नाही.

माझ्या मते याचे कारण असे, की आमचे लोक पगारदार होते, वर्षातून एकदा रेल्वेच्या पासवर कलकत्त्याला जाऊन येऊ शकत होते, आणि येताना पुस्तके, मासिके, पूजेचे साहित्य घेऊन येत होते. भाषेचे एक घर मागे शाबूत होते. धागाकर्तींच्या वडिलांना सिंधमधल्या शिकारपूरला किंवा लाडकाण्याला असे कधी जाता आले असेल काय? दार बंद झालेले स्थलांतर आणि दार उघडे असलेले स्थलांतर या दोहोंत मुलांवर पडणारा भार फार वेगळा असतो. एकाच तागडीत दोन्ही तोलू नयेत.

जरीपटक्याची लेक

धंतोलीकर दादा, आपण अचूक बोट ठेवलेत. वडिलांना परत कधीच जाता आले नाही. (ते लाडकाण्याजवळच्या गावाचे, आपण सहज लिहिलेले नाव वाचून क्षणभर थबकले.)

इतवारीकर दादा, आपल्याच उदाहरणाने उत्तर देते. ज्या गोंड राजाने हे शहर वसवले त्याच्या प्रजेची गोंडी भाषा आज नागपूरच्या बाजारात किती ऐकू येते? २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते आणि सिंधी सांगणारे सुमारे २७ लाख ७२ हजार. सिंधीला १९६७ मध्ये एकविसाव्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत, स्थान मिळाले. गोंडी अजून बाहेरच आहे. तेव्हा 'मिसळून जाणे' आपसूक होते असे मला वाटत नाही. शाळेत कोणती भाषा शिकवली जाते, कचेरीत कोणती चालते, कोणत्या भाषेत नोकरी मिळते, यावर ते ठरते. माझे वडील आयुष्यभर कापडाच्या गल्ल्यावर बसून नोटा मोजत आले. नोटेच्या मागच्या बाजूला भाषांची जी उभी पट्टी असते तिच्यात सिंधी नाही, हे त्यांनी मला फार लहानपणी दाखवले होते. ते दाखवताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण मूल असल्या गोष्टी विसरत नाही.

आणि नातवंडे दुःखी होतील असे मी म्हटलेलेच नाही. ती सुखात असावीत, हीच इच्छा आहे. मात्र वडिलांची हिशेबाची वही आणि डाडीला आलेली पत्रे आज आमच्या घरात कोणालाही वाचता येत नाहीत, ही गोष्ट 'असे होतच असते' म्हणून मला सोडून देता येत नाही.

दूरदेशीचा वऱ्हाडी

मी मूळचा काटोलचा, शिक्षण नागपुरात झाले, गेली अनेक वर्षे न्यू जर्सीत आहे. धागा वाचून माझ्याच घराकडे नव्याने पाहिले.

आमची थोरली मुलगी नागपुरात जन्मली आणि चार वर्षांची असताना आमच्याबरोबर आली. धाकटा मुलगा इथेच जन्मला. तो जन्माने अमेरिकी नागरिक आहे. ती माझ्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की मुलगी एकवीस वर्षांची होईपर्यंत आमचा नंबर लागेल अशी आशा नाही. एकविसाव्या वर्षी तिचा हा दर्जा संपेल आणि तिला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल किंवा देश सोडावा लागेल. एका ताटात जेवणारी ही दोन भावंडे, परंतु कायद्याच्या लेखी एक इथला आहे आणि दुसरी पाहुणी आहे.

उलट बाजूही सांगतो. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. मुलाकडे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे कार्ड, आहे. त्यावर तो कितीही वेळा येऊ शकतो, राहू शकतो, पण त्याला मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. काटोलची आमची संत्र्याची बाग त्याला वारसाने मिळू शकेल, शेजारची एकरभर जमीन मात्र तो घेऊ शकणार नाही. आणि ज्या मुलीला भारतात परत येऊन राहिल्यास ती घेता येईल, तिला त्या बागेची फारशी आठवण नाही. आपण 'दोन संस्कृती' म्हणतो तेव्हा सण, जेवण, भाषा यांवर बोलतो. माझ्या मुलीच्या मनात मात्र सर्वांत वरचा प्रश्न तारखेचा आहे.

इथे बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा आहेत. मुले रविवारी जातात, बाराखडी शिकतात, स्नेहसंमेलनात नाटक करतात. त्यात काम करणाऱ्या पालकांविषयी मला आदर आहे. मात्र धागाकर्तींनी लिहिलेले म्हणून दाखवण्याचे काम आमच्याकडेही चालते. डिसेंबरात नागपूरला गेलो की आत्या, काकू, मामा सगळे जमतात आणि 'बोल ना रे मराठीत काहीतरी' सुरू होते. मुलगा काही बोलला की उच्चारावर हसतात. प्रेमाने हसतात, हे मला कळते. त्याला कळत नाही. गेल्या खेपेला तो आजीजवळ बसून तिच्याशी एकटा छान बोलत होता, आणि चार माणसे खोलीत येताच गप्प झाला.

मस्कत ते नागपूर

काका, तुमच्या मुलीची गोष्ट वाचून लिहावेसे वाटले. माझा जन्म मस्कतचा. आखातात जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही आणि राहण्याचा परवाना वडिलांच्या नोकरीशी बांधलेला असतो, म्हणून आपण इथून जाणार हे आम्हा सगळ्या मुलांना कळत्या वयापासून ठाऊक होते. अमेरिकेतल्या मुलांना 'तू कोणाचा' असे विचारले जाते. आम्हाला ते कोणी विचारतच नसे. उत्तर पासपोर्टावर छापलेले होते.

आमच्या घरात कपाट नवे घ्यायचे झाले तरी आई म्हणे, 'आता इथे कशाला, नागपूरला गेल्यावर घेऊ.' माझे पूर्ण बालपण अशा पुढे ढकललेल्या वस्तूंमध्ये गेले. बारावीनंतर आखाती देशांतील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या जागेवर मी नागपुरात अभियांत्रिकीला आले. सगळे म्हणाले, 'चला, मुलगी घरी आली.' मला मात्र बजाजनगरमधून सीताबर्डीला कोणता ऑटो जातो हे ठाऊक नव्हते, पोळ्यानंतर निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे इडापिडा घालवणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत लोक 'घेऊन जा गे मारबत' का ओरडतात हे ठाऊक नव्हते, आणि वर्गातल्या मुलींची हिंदीमिश्रित मराठी समजायला वेळ लागत होता. घरी आल्यासारखे वागायचे होते आणि वाटत होते परक्या गावी आल्यासारखे. परदेशात परके वाटले तर लोक समजून घेतात. 'आपल्या' गावात परके वाटते हे सांगितले, तर आईवडिलांना त्यांचे कष्ट वाया गेल्यासारखे वाटते, म्हणून मी ते सांगितले नाही.

धागाकर्ती ताईंच्या यादीत मी तिसरे काम जोडेन: आईवडिलांचा निर्णय बरोबर होता, हे आनंदी राहून सिद्ध करणे.

शाळेतल्या बाई

मी नागपूरच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेजवळ मोठी बांधकामे चालू आहेत आणि तिथे छत्तीसगडमधून आलेली कुटुंबे राहतात. १९५६ पर्यंत छत्तीसगड आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे ही वाट जुनी आहे. आज मात्र मधे राज्याची सीमा आहे आणि ही मुले परराज्यातली ठरतात.

शिक्षण हक्क कायद्याने, २००९ च्या, अशा मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावाच लागतो. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात शिकवण्याचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे असेही म्हटले आहे. छत्तीसगढी बोलणारे मूल चौथीत येते तेव्हा पुस्तक मराठी असते. 'शक्य तोवर' या शब्दांत शाळेला जेवढे बसवता येते तेवढे आम्ही बसवतो, आणि ते फार थोडे असते, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे.

नोटिशीचा प्रसंग वाचताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी दिसत होती. पालकसभेला तिची आई येते, कडेवर लहान बाळ असते, आणि मी जे बोलते ते ही नऊ वर्षांची मुलगी आईला सांगते. तिच्या धाकट्या भावाविषयी मी बोलत होते, की तो मारामारी करतो आणि वही आणत नाही. मुलीने आईला काय सांगितले ते मला पुरते कळले, कारण छत्तीसगढी कान देऊन ऐकली तर बरीच समजते. तिने सांगितले, 'बाई म्हणतात, तो हुशार आहे, त्याला वही घेऊन द्या.' एवढ्याशा पोरीने भावाला मारातून वाचवले, आईला चारचौघांत खाली पाहण्यापासून वाचवले आणि वहीही मिळवली. मला तिचे कौतुक वाटले आणि काळजीही. आता मी आईशी सरळ, लहान लहान हिंदी वाक्यांत बोलते आणि मुलीला मैदानावर खेळायला पाठवते. वेळ जास्त लागतो. पण आई स्वतः प्रश्न विचारू लागली आहे.

इतवारीकर

बाई, ही गोष्ट वाचली. मी आधी लिहिले ते शहराच्या इतिहासाकडे बघून लिहिले होते. एका घरात ते कोणाच्या डोक्यावर पडते ते या धाग्यावरून कळले. एक प्रश्न विचारतो आणि तो खरोखर जाणून घेण्यासाठी आहे: मुलांवर भार टाकायचा नाही आणि भाषाही जाऊ द्यायची नाही, तर करायचे काय?

जरीपटक्याची लेक

माझ्यापुरते उत्तर देते. सगळ्यांना ते लागू पडेल असा माझा दावा नाही.

पहिली गोष्ट, भाषा जिवंत ठेवायची असेल तर मोठ्यांनी ती आपसात बोलावी. आमच्या पिढीत असे झाले, की मोठी माणसे एकमेकांशी हिंदीत बोलू लागली आणि मुलांना म्हणू लागली, 'सिंधीत बोला.' मुले जे ऐकतात तेच बोलतात. मी आणि माझा भाऊ आता फोनवर ठरवून सिंधीतच बोलतो, शेजारी मुले असोत वा नसोत. माझ्या घरी माझे यजमान मराठी आहेत. ते माझ्याशी मराठीत बोलतात, मी मुलीशी सिंधीत बोलते, आणि ती कोणत्या भाषेत उत्तर देते यावर आम्ही काही बोलत नाही.

दुसरी गोष्ट लिपीची. सिंधीची अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी इंग्रजांच्या काळात, १८५३ मध्ये ठरली. स्वातंत्र्यानंतर भारतात देवनागरीलाही मान्यता मिळाली आणि दोन्ही लिप्या चालू राहिल्या. यावरून समाजात पुष्कळ वाद झाले आणि अजून होतात. अरबी लिपी सोडली तर जुने सगळे साहित्य हातचे जाते. तीच धरून बसलो तर मराठी-हिंदी शाळांत शिकलेली मुले वाचायलाच सुरुवात करत नाहीत. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत आणि माझे मत असे, की मुलांसाठी देवनागरी, आणि मोठ्यांनी स्वतः अरबी लिपी शिकावी. वडिलांची वही मला वाचायची आहे, तर कष्ट मी घ्यावेत. ते काम मी मुलीवर सोपवणार नाही. म्हणून खामल्यातल्या एका वृद्ध मास्तरांकडे मी रविवारी जाते. सिंधीत जे आवाज श्वास आत ओढून काढायचे असतात ते मला बोलता येतात, कारण ते डाडीकडून कानावर पडलेले आहेत. पण कागदावर ते ओळखताना अजून अडखळते. वहीतली पहिली पाने वाचून झाली. उधारीची नावे आहेत, कापडाचे वार आहेत, आणि एके ठिकाणी माझ्या शाळेच्या फीची नोंद आहे.

काका, आपल्या मुलाला आजीजवळ एकटे बसू द्या. बाकीच्यांना आपणच स्पष्टपणे सांगावे. मस्कतच्या ताई, तुमचे तिसरे काम मी मनात जोडून घेतले आहे. माझ्या मुलीकडून मी ते करून घेत तर नाही ना, हे आता पाहणार आहे.

शाळेतल्या बाई

ताई, एक विनंती आहे. आमच्या शाळेत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पालकसभा असते. फॉर्म भरणे, आधार, बँकेचे कागद यांत पालकांना मदत करणारे मोठे माणूस आम्हाला हवे आहे, म्हणजे ती कामे मुलांकडे जाणार नाहीत. छत्तीसगढी येत नसली तरी चालेल, हिंदीवर भागते. आपण याल का?

जरीपटक्याची लेक

येते. या शनिवारपासूनच येते. शाळेचा पत्ता मला खाजगी संदेशात कळवा, आणि कोणकोणते फॉर्म असतात त्यांचे कोरे नमुने आधी मिळाले तर मी घरी वाचून येईन.

इतवारीकर

मीही येतो. बँकेत नोकरी झाली आहे, तेवढा भाग माझ्याकडे द्या.